पाणी गेलं

"मॅडम, ह्याचा हा नाद सोडवायचा कसा, तेवढं सांगा."

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी बऱ्याच आयांकडून ऐकलं आहे. कुणाचा मुलगा कदंबाच्या बसगाड्यांचे नंबर पाठ करतो, कुणाची मुलगी पंख्याखाली उताणी पडून पात्यांकडे बघत बसते. या बाईंचा मुलगा मासे गरवायचा. वय सोळा, दहावीचं वर्ष, ऑटिझमचं निदान सहाव्या वर्षी झालेलं. शाळेतून आला की दप्तर टाकायचं, गरी आणि डबा उचलायचा आणि कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी बांधावर जाऊन बसायचं. तीन-तीन तास. घरी आला की बोलणं तेच: चोणक, तामसो, काळुंदर. पाहुणे आले तरी तेच. मावशीच्या बाराव्याला जमलेल्या माणसांतही त्यानं कुणाला तरी शेंगाळ्याचा काटा कसा लागतो ते सांगितलं होतं.

"एकटा पडत चाललाय," आई म्हणाली. "आणि ह्याचे बाबा म्हणतात, लोक हसतात."

ही गोष्ट लिहायला मी आईची परवानगी घेतली आहे आणि मुलाचीही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलाची अट एकच होती, माशांची नावं चुकवायची नाहीत. त्याला इथं बाबू म्हणते. आमच्याकडे अर्ध्या गावाला बाबूच म्हणतात.

पहिल्या तीन भेटींत बाबू माझ्याशी जेमतेम वीस शब्द बोलला असेल. मी शाळेचं विचारायचे, मित्रांचं विचारायचे, तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहायचा. तिसऱ्या भेटीत मी हार मानली आणि ड्रॉवरमधून सुतळीचा तुकडा काढून म्हटलं, "गरी बांधतात कशी, मला येत नाही." खोटं नव्हतं ते. त्यानं सुतळी बाजूला सारली, खिशातून तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, काढला आणि माझ्या पेनाच्या क्लिपलाच गरी समजून गाठ घालायला घेतली. पाच वेढे, टोक मागे वळवून फटीतून आत, मग त्याच फासातून पुन्हा एकदा. ओढण्याआधी गाठ जिभेवर ओली केली. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण तो पहिल्यांदा आपणहून बोलला: "सुकी ओढली तर घासून तापते. मग मोठा मासा लागला की तिथंच तुटते."

एवढं हाती आल्यावर शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. मी हुशारी केली.

आईला तक्ता करून दिला. गणिताचा एक धडा, मग गरी. एक निबंध, मग गरी. पूर्ण आठवडा नीट गेला तर रविवारी दुप्पट वेळ. आवडीच्या गोष्टीचं बक्षीस करायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत, पुस्तकात शोभून दिसते. पाच दिवस तक्ता व्यवस्थित चालला. सहाव्या दिवशी बाबूनं पाच वाजता धडा संपवला, गरी उचलली, दारापर्यंत गेला आणि दारातच खाली बसला. डोकं चौकटीवर आपटायला लागला. आई घाबरून विचारत होती, अरे जा ना, आता जा, मी कुठं नाही म्हणतेय? तो एवढंच म्हणत होता, "पाणी गेलं. पाणी गेलं."

फोनवर मलाही कळलं नाही. कळलं ते पुढच्या आठवड्यात, बांधावर त्याच्या शेजारी बसल्यावर.

तो दारात बसला त्या दिवशी चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ढोबळ हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बाबूला तो अंकलिपीसारखा पाठ. शिवाय हा हिशेब प्रत्येक गावात थोडा चुकतो म्हणून त्याच्या वहीत वेगळा रकाना आहे: हिशेबानं किती वाजता आणि आपल्या बांधावर पाणी खरंच किती वाजता पूर्ण भरलं, मधला फरक मिनिटांत. दोन वर्षांच्या नोंदी, एकाही ओळीत खाडाखोड नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तो जायचा तो भरती पूर्ण व्हायच्या आधीच्या दोन तासांत, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे चोणक तेव्हाच काठाला येतो. म्हणजे माझा तक्ता घड्याळावर चालत होता आणि मुलगा चंद्रावर. पहिले पाच दिवस माझ्या नशिबानं निभावले. सहाव्या दिवशी मी त्याला धडा संपवायला लावून पाणी निघून गेल्यावर मोकळा केला आणि वर त्याला बक्षीस म्हणत होते.

तक्ता मी स्वतः फाडला.

मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, पण मला तो कधी पटला नाही. बाबू स्वतःत मग्न होता असं मला एकदाही दिसलं नाही. पाण्यात होता, माशात होता, तिथीत होता. 2005 साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी मोनोट्रोपिझम नावाची मांडणी केली, ती मला जास्त जवळची वाटते. लक्ष ही मोजकीच मिळणारी चीज आहे, बहुतेक माणसं ती चार पाटांनी थोडीथोडी सोडतात, ऑटिस्टिक मन सगळी एकाच चरात सोडतं. तिथं ते खोल जातं. पण मध्येच दार पाडून दुसरीकडे वळवायला गेलात तर बांध फुटतो. दारातला तो आकांत हट्टाचा नव्हता.

मग मासेच का? मी त्याला विचारलं नाही, 'का' या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. बघत बसले. शाळेत कोण कधी काय बोलेल, बाक कुठला मिळेल, घंटा कधी कानात घुसेल, याचा भरवसा नसतो. बांधावर पाणी वेळेवर येतं. नजर ठेवायला समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा असतो, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. हाताला काम असतं. मासा लागेल की नाही हे मात्र ठाऊक नसतं, पण त्या अनिश्चितीला हद्द आहे: तुकडा बुडाला तर लागला, नाही बुडाला तर नाही. माणसांच्या बाबतीत तुकडा बुडाला की नाही हेच कळत नाही, असं त्याच वयाच्या एका मुलीनं मला वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

एकटेपणाचं म्हणाल, तर तिथं एक काका रोज येतात. सत्तरीचे, खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, भात करणारे. बाबू आणि काका दोन हातांवर बसतात. मी होते त्या दीड तासात त्यांचं झालेलं सगळं संभाषण सांगते.

"लागलं?"

"ना."

बऱ्याच वेळानं काकांनी स्वतःच्या डब्यातलं एक जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, उचलून बाबूच्या डब्यात टाकलं. बाबूनं मान हलवली. बस्स. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पण बोलतात कुठं? मी म्हटलं, ताई, तिथं सगळेच गप्प असतात. उभ्या जगात ही एक जागा आहे जिथं गप्प बसणाऱ्याला कुणी 'का गप्प' म्हणून विचारत नाही, उलट बडबड्याला हाकलतात. या मुलाला मित्र आहे. त्याचं वय सत्तर आहे, एवढंच.

नियमांवरून मात्र एकदा वाजलं. खाजनाच्या बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारं. भरतीच्या दाबानं ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि उघडताना तिथं जाळं लावून मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, जातो. पावणी घेतलेला माणूस बाबूवर ओरडला. बाबू म्हणाला, पाटी कुठे आहे? हे उद्धटपणाचं वाटतं, पण त्याला खरोखरच पाटी हवी होती. शेवटी काकांनी त्याला नारळाचं एक झाड दाखवलं, या झाडाच्या पलीकडे गरी टाकायची नाही. तेव्हापासून तंटा नाही. पाहुणे मुलं झाडापलीकडे गेली तर आता बाबूच त्यांना अडवतो, फार प्रेमानं नव्हे.

आता काळजीचं. ती नाहीच असं मी म्हणणार नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि त्यातली एक पुष्कळदा रात्री. बाबू रात्री अडीचला उठून कडी काढताना आईला सापडला होता. इथं मी ठाम होते: उजेडातली भरतीच घ्यायची, रात्रीच्या भरतीवर वहीत आडवी रेघ. त्यानं दोन दिवस वाद घातला आणि मग रेघा स्वतः पट्टीनं मारल्या. ऑटिस्टिक मुलांमध्ये पाण्याची ओढ आणि न सांगता निघून जाणं दोन्ही बरंच आढळतं आणि बुडण्याचा धोका त्यांना इतरांहून जास्त असतो. म्हणून आधी पोहणं, मग गरी. लाइफ जॅकेटचा पट्टा त्याच्या मानेला टोचायचा. आईनं त्याला जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, मग घालायला लागला. कालव्यात मगरी आहेत हे वेगळं सांगायला नको. भोमे गावात पौषातल्या अमावास्येला मातीची मगर करून पूजतात ती उगाच नव्हे. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, काठापासून दोन पावलं मागे, हा नियम काकांनी घातला आणि तो माझ्या सगळ्या समुपदेशनाहून जास्त पाळला गेला.

आणि अंगठा. एकदा जेवताना आईला त्याच्या पानात रक्त दिसलं. गरीचं टोक अंगठ्यात रुतून तुटलं होतं, दुपारपासून. दुखतंय म्हणून तो बोलला नव्हता. काही ऑटिस्टिक मुलांना दुखणं कमी जाणवतं, काहींना जाणवतं पण सांगायचं असतं हे सुचत नाही. डॉक्टरांनी टोक काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता घरी आल्यावर हात दाखवायचे, दोन्ही बाजू, हा रोजचा क्रम झाला आहे.

तो जेवतो, झोपतो, परत येताना चेहरा निवलेला असतो, तोवर मी या नादाला हात लावणार नाही असं आईला सांगितलं. भीतीपोटी जावंच लागतंय, नाही गेलो तर काही वाईट होईल, असं तो म्हणायला लागला तर ते वेगळं दुखणं, तेव्हा लगेच या. अभ्यासाची वेळ आम्ही पाण्याच्या उलट लावली, ओहोटीला गणित. मार्क फार वाढले नाहीत, पण रडारड थांबली.

वडिलांना मध्येच वाटलं, यातून धंदा होईल का, पर्यटकांना गरवायला न्यायचं वगैरे. मी नको म्हटलं. सोळा वर्षांच्या मुलाच्या एकुलत्या एका मोकळ्या जागेवर लगेच दुकान थाटू नका. तसंच, हे वाचून कुणी आपल्या ऑटिस्टिक मुलाला उद्या नदीवर नेऊन बसवू नका. माझ्याकडच्याच एका मुलीला सुंगटाच्या वासानं उलटी झाली आणि आमिष वळवळतं बघून ती आठवडाभर जेवली नाही. तिचा चर वेगळा आहे, तिला वाफेच्या इंजिनांचं वेड आहे.

श्रावणात त्या घरात मासे शिजत नाहीत. बाबू तरी जातो, गरवतो, वहीत लांबी लिहितो आणि पाण्यात सोडून देतो. वडील एकदा त्याच्याबरोबर गेले. पाचेक मिनिटं गप्प राहिले आणि मग म्हणाले, काय रे, आज हवा बरी आहे. बाबूनं तोंडावर बोट ठेवलं. काकांनी पण ठेवलं. वडील हे मला हसत सांगत होते, पण पुन्हा गेले, आणि या वेळी स्वतःची गरी घेऊन.

गेल्या भेटीत मी पुढची तारीख दिली, संध्याकाळी पाचची. बाबू उठून भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेला, चौकटीवर बोट ठेवलं, ओठ हलले.

"दशमी," तो म्हणाला. "पाचला नको. तीनला येतो."

मी खोडून तीन केले.