दीड महिन्याच्या लसी तीन महिन्यांवर ढकलल्या तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी पाच आठवड्यांची आहे, पत्नी अजून निफाडला माहेरी आहे, दीड महिन्याच्या लसी तोंडावर आल्या आहेत, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणत आहेत की एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी तीन-तीन सुया टोचण्यापेक्षा तीन महिन्यांची झाल्यावर नाशिकला आणावे आणि सावकाश एकेक लस द्यावी. अमेरिकेतील नातेवाइकांनी तिथले वेळापत्रक पाठवल्यामुळे गोंधळात भर पडली आहे. शिवाय चार वर्षांच्या मुलाचा दीड वर्षाचा डोस राहून गेला आहे, त्याचे काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. नाशिकमधील एका नागरी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी लसीकरणाच्या टेबलापाशी गेली आणि आता मी निवृत्त आहे. त्या अनुभवावरून सांगते: मुलीच्या लसी पुढे ढकलू नका, आणि त्यासाठी नाशिकला परतण्याची वाटही पाहू नका.

बाळ लहान आहे म्हणून थांबावे, हा विचार मायेपोटी येतो, पण या लसींचे वेळापत्रक बाळ किती दणकट झाले यावर बेतलेले नाही. कोणता आजार कोणत्या वयात बाळाला गाठतो आणि आईकडून मिळालेले संरक्षण कधी ओसरते, हे पाहून ते ठरवलेले आहे. डांग्या खोकल्याचेच पाहा. मोठ्या माणसाला तो झाला तर बरेच दिवस खोकला रेंगाळतो, अनेकदा त्याचे निदानही होत नाही. दोन महिन्यांच्या बाळाला मात्र पुष्कळदा खोकल्यानंतर श्वास ओढताना येणारा तो ओळखीचा आवाजसुद्धा येत नाही. बाळ खोकता खोकता निळे पडते किंवा त्याचा श्वासच थांबतो. या आजाराने दगावणाऱ्या बालकांत पहिल्या काही महिन्यांतील बाळांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. आईकडून या आजाराविरुद्ध मिळणारे संरक्षण तोकडे असते. सरकारी केंद्रात गरोदरपणी दिली जाणारी टीडी ही लस धनुर्वात आणि घटसर्प यांच्यासाठी असते, डांग्या खोकल्यासाठी नसते. म्हणजे घरातील मंडळी ज्या दीड महिन्यांपुरते थांबा म्हणत आहेत, तेच दिवस सर्वांत धोक्याचे आहेत. त्यातही पहिल्या डोसने पुरते संरक्षण मिळत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर भरते, त्यामुळे पहिला डोस लांबला की पुढची सगळी मालिकाच लांबते.

त्या दिवशी नेमके काय दिले जाते, हे घरच्यांना नीट सांगितले तर निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. दीड महिन्याला डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाच आजारांची सोय त्या एका सुईत असते. उजव्या मांडीत न्यूमोकोकल लस देतात; ती पूर्वी खासगी दवाखान्यातच आणि पुष्कळ पैसे मोजून मिळे, २०२१ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात आली. उजव्या दंडावर त्वचेतच पोलिओच्या लसीचा अगदी थोडा अंश टोचतात. पोलिओचे दोन थेंब आणि जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसची लस तोंडाने देतात. अडीच महिन्यांना मांडीत एकच सुई असते आणि साडेतीन महिन्यांना पुन्हा तीन. आता हेच सारे एकेक करून द्यायचे ठरवले, तर बाळ रडेल तितकेच, फक्त रडण्याचे दिवस वाढतील. प्रत्येक खेपेला दवाखान्यातील आजारी मुलांच्या शेजारी बसणे वाढेल, आणि मधल्या काळात कोणता ना कोणता आजार मोकळा राहील. रोटाव्हायरसची लस तर ठरावीक वयाच्या आतच सुरू करावी लागते, कारण वय वाढल्यावर आतडे अडकण्याच्या एका दुर्मीळ गुंतागुंतीचा विचार करावा लागतो. एकाच वेळी अनेक लसी दिल्याने प्रतिकारशक्तीवर ताण येतो, हेही खरे नाही. जन्मल्या क्षणापासून बाळाच्या अंगावर, तोंडात आणि आतड्यात असंख्य जंतू वस्तीला येतात आणि त्याचे शरीर त्यांना रोज तोंड देतच असते.

आपल्याकडील रीत इथे आड येत नाही, हे घरातील आजींना जरूर सांगा. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडतात आणि पहिला डोस ४२ दिवसांनी येतो. निफाड परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातील ठरलेल्या लसीकरणाच्या दिवशी तिला घेऊन जाता येईल. आशाताईंना विचारले तर त्या दिवस आणि जागा सांगतील. प्रसूतीच्या वेळी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड कुठेही चालते. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा आणि पेठ भागांतून निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला येणारी कुटुंबे हेच कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणतात. त्यांच्या मुलांचे डोस पोटासाठी गाव सोडावे लागल्यामुळे चुकतात, आणि सर्व सोयी हाताशी असलेल्या घरांत ते केवळ चर्चेपायी चुकतात, याचे मला कायम वाईट वाटत आले आहे.

आता अमेरिकेच्या वेळापत्रकाविषयी. तिथे गोवराची पहिली लस वर्षानंतर देतात आणि आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणून आपण घाई करतो असे नव्हे. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये अंगात असेपर्यंत गोवराची लस नीट लागू पडत नाही, त्यामुळे ती जितकी उशिरा द्यावी तितकी बाळांना अधिक चांगली लागू पडते; नऊ महिन्यांना सुमारे ८५ टक्के बाळांना आणि वर्षानंतर सुमारे ९५ टक्के बाळांना. पण जिथे गोवर अजून फिरतो आहे, तिथे त्या तीन महिन्यांत बाळाला आजारच गाठू शकतो. म्हणून आपण नवव्या महिन्यात पहिला डोस देतो आणि राहिलेली उणीव १६ ते २४ महिन्यांच्या दुसऱ्या डोसने भरून काढतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ आली, तेव्हा केंद्र सरकारने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा सल्ला दिला. जिथे नऊ महिन्यांखालील बाळेही मोठ्या प्रमाणात आजारी पडत होती, तिथे सहा महिन्यांपासूनच एक डोस द्यावा असे सांगितले. म्हणजे वेळापत्रक हलते, पण ते आजार पाहून हलते, आणि आजार जवळ असेल तेव्हा अलीकडे येते. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. सिंहस्थात देशभरातून माणसे येणाऱ्या शहरात राहताना ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

"आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी," असे सासूबाई म्हणाल्या, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीतील ज्यांच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत, त्यांची आठवण तेवढी काढा. देवीचा रोग लसीमुळेच जगातून गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये तसे जाहीर केले. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आजार दिसेनासा झाला की लस अनावश्यक वाटू लागते, आणि लस सुटली की आजार परत येतो. लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, असे सांगणाऱ्या ज्या चित्रफितीबद्दल तुम्ही विचारले आहे, तिच्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. तो समज १९९८ मधील एका इंग्लिश डॉक्टरच्या शोधनिबंधामुळे पसरला, नियतकालिकाने २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला, त्याच वर्षी त्या डॉक्टरचे नाव तिथल्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले आणि नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही.

तुमची जी शंका मला सर्वांत रास्त वाटते, ती तापाची. पेंटाव्हॅलंटनंतर त्या रात्री ताप येणे, मांडी सुजणे आणि बाळ किरकिरे होणे हे नेहमीचेच आहे. दोन दिवसांत ते ओसरते. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये, तिथे हळद किंवा तेल लावू नये. बाळाला अंगावर पाजत राहावे. पॅरासिटामॉल द्यायचे ते वजनावर ठरते, म्हणून किती द्यायचे हे त्याच दिवशी कार्डावर लिहून घ्या आणि ते थेंबांचे औषध आहे की पातळ औषधाची बाटली, हेही सोबत लिहून घ्या. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते. पातळ औषधाचे माप थेंबांच्या बाटलीतून मोजले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. गडबडीच्या रात्री, आजी, आत्या आणि आई अशा तिघी जागत असताना, हा घोटाळा सहज होतो. बाळ तीन तासांहून अधिक काळ सतत रडत राहिले, फार ताप चढला, अंग लुळे पडले किंवा आकडी आली, तर मात्र औषध देऊन वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे जा. लस दिल्यावर केंद्रात अर्धा तास बसवून ठेवतात, तेही कंटाळा न करता बसा.

खासगी दवाखान्यात ताप कमी येणारी, "पेनलेस" म्हणून ओळखली जाणारी लस मिळते, ती घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. सुई तिलाही लागतेच, फक्त नंतरचा ताप आणि सूज कमी असते. तिची किंमत बरीच जास्त असते आणि डांग्या खोकल्याविरुद्धचे तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते, म्हणून पहिल्या तीन डोसांसाठी मी तरी नेहमीचीच लस घ्या म्हणेन. सरकारी केंद्रातील लस दुय्यम असते, असे तर मनातही आणू नका. कुपीच्या लेबलवर जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिकट चौकोन. लसीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यावी लागते. तुम्ही मागितले तर नर्सताई कुपी समोर धरून दाखवतील, त्यात कुणाला राग येण्याचे कारण नाही. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि गोवर-रुबेला या लसी द्रावणात मिसळल्यावर चार तासांतच संपवाव्या लागतात, म्हणून कधी कधी आणखी दोन-तीन बाळे येईपर्यंत तुम्हाला थांबायला सांगतील. तो चालढकलीचा प्रकार नसतो.

लस खरोखर पुढे ढकलावी, असे प्रसंग मोजकेच असतात. बाळ खूप आजारी असेल, आधीच्या डोसनंतर गंभीर ॲलर्जी झाली असेल, किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असल्याची शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञ जो निर्णय देतील तो मानावा. साधी सर्दी, किंचित कणकण, दात येणे किंवा बाळाचे कमी वजन ही थांबण्याची कारणे नाहीत. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या लसीही त्याच्या प्रत्यक्ष जन्मतारखेपासूनच मोजतात.

आता मुलाविषयी. चार वर्षांच्या मुलाचा दीड वर्षाचा डोस राहिला, म्हणून पहिल्यापासून सर्व सुरू करावे लागत नाही. घेतलेले डोस वाया जात नाहीत, जिथे थांबले तिथून पुढे द्यायचे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओचा बूस्टर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो आणि राहिलेला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा) बूस्टरही याच वयात देता येतो, म्हणून त्याला पाच पूर्ण होण्याआधी, शक्यतो याच आठवड्यात घेऊन जा. गोवर-रुबेला आणि डीपीटी एकाच दिवशी टोचता येतात. पाचव्या-सहाव्या वर्षी द्यायच्या डीपीटीच्या दुसऱ्या बूस्टरची तारीख नर्सताईंकडून तिथेच कार्डावर लिहून घ्या. त्याचे कार्ड सापडत नसेल, तर ज्या केंद्रात आधीचे डोस झाले तिथल्या नोंदवहीत जन्मतारखेवरून शोधायला सांगा, आणि मुलीच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आजच पत्नीच्या आणि तुमच्या फोनमध्ये काढून ठेवा.