बुरूजघरांच्या वाथियाला जाताना

(ग्रीसच्या दक्षिण टोकाजवळ, मानी भागात वाथिया नावाचं टेकडीवरचं दगडी गाव आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)

राजहंसगड आमच्या दारातच आहे. वाथिया हा तसाच किल्ला आहे का? आईचे गुडघे दुखतात, चढण किती आहे? (येळ्ळूर)

किल्ला नाही, आणि हाच फरक मनात ठेवून गेलात तर गाव कळेल. राजहंसगड एका सत्तेचा, बाहेरच्या शत्रूसाठी बांधलेला. वाथियात मात्र प्रत्येक घराण्याचा बुरूज वेगळा, आणि त्याचा रोख शेजारच्या घराण्यावर. 18व्या-19व्या शतकांत मानीत पिढीजात वैरं चालत. समोरच्याच्या छपरावर मारा करता यावा म्हणून बुरूज उंच बांधायचा, त्यानं वाढवला की आपणही वाढवायचा. बुरुजाचा मान फक्त वरच्या घराण्यांना, म्हणजे निक्लियनांना होता. हंगामात शेतीची कामं उरकावीत म्हणून ठरवून लढाई थांबवत. त्या तहाला ‘त्रेवा’ म्हणत. ग्रीसचा तेव्हाचा राजा ओट्टो याच्या बव्हेरियन (जर्मन) कारभाऱ्यांनी हे बुरूज पाडायला 1834 मध्ये सैन्य धाडलं, तर मानीकरांनी त्यालाच पिटाळलं.

गावात शिरल्यावर एखादाच बुरूज निवडा आणि दहा मिनिटं निरखून पाहा. भिंती स्थानिक चुनखडीच्या, जवळपास मीटरभर जाड. दार इतकं बुटकं की वाकूनच शिरावं लागावं. खिडक्या टीचभर, आणि भिंतीत बंदुकीच्या जंग्या. काही बुरुजांवर वरच्या अंगाला भिंतीबाहेर आलेली दगडी पेटी दिसते. तिचा तळ उघडा असतो. भिंतीशी आलेल्या माणसावर तिथून उकळतं पाणी किंवा तेल ओतत. आत पक्का जिना नसे. मजल्यामजल्यात झडप आणि लाकडी शिडी. शिडी वर ओढून झडप लावली की खालचा मजला पडला तरी वरचा झुंजत राही. झऱ्यांचा इथे दुष्काळ, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत. वेढ्यात टिकायचं तर आधी ते टाकं भरलेलं हवं.

चढण फार नाही. डांबरी रस्ता गावाच्या पायथ्यापर्यंत जातो. त्यापुढच्या गल्ल्या मात्र उंचसखल दगडांच्या आणि बहुतेक ठिकाणी विनाकठड्याच्या. आईंना खालच्या अंगानं फिरवा, बुरूज तिथूनही छान दिसतात. वर न्यायचंच असेल तर हातात काठी आणि पायात पकड असलेले बूट हवेत. चप्पल अजिबात नको.

फोटोत दारं उघडी दिसतात. बुरुजांच्या आत जाता येतं का? (खानापूर)

दार उघडं दिसलं तरी जाऊ नका. एक तर ही खासगी मालमत्ता आहे. गाव ओस पडलेलं वाटलं तरी थोडी माणसं आजही राहतात. दुसरं कारण जिवाशी निगडित. छप्पर गेलं की पाऊस थेट आतल्या लाकडी मजल्यांवर पडतो आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात. फळी वरून धड दिसते, पण खाली आधार उरलेला नसतो. मजले गेले की भिंतींना आतून धरणारंही काही राहत नाही; मग कोपऱ्यांत उभ्या भेगा पडतात आणि दगड सुटू लागतात. म्हणून भेग दिसलेल्या भिंतीखाली उभं राहून फोटोही काढू नका. 1980 च्या आसपास ग्रीक पर्यटन खात्यानं इथले काही बुरूज दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या केल्या होत्या, पुढे त्या बंद पडल्या. उरलेल्या घरांना वारस अनेक, तेही दूरदेशी. सगळ्यांची संमती जमल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. इतकं देखणं गाव असं ढासळताना पाहून वाईट वाटतं.

अथेन्सहून कसं जावं? गाडी स्वतः चालवावी का? (निपाणी)

गाडी असेल तरच सोयीचं. अथेन्स ते आरेओपोली (मानीतलं मुख्य गाव) सुमारे 290 किमी. कोरिंथ, त्रिपोली, स्पार्टा, यिथिओ असा मार्ग, चार तास धरा. अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून आरेओपोलीपर्यंत बस मिळते. पुढे येरोलिमेनासकडे (वाथियाच्या अलीकडचं किनाऱ्यावरचं गाव) फेऱ्या कमी, आणि वाथियापर्यंत बसचा भरवसा नको. आरेओपोली ते वाथिया 35 किमीच्या आतबाहेर, पण वळणांमुळे पाऊण तास सहज जातो.

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तुम्हाला तो चिक्कोडीच्या आरटीओतून मिळेल; फॉर्म 4 अ भरा, मुदत एक वर्ष. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. सरळ रस्त्यावर सवय लवकर होते, चूक होते ती डावीकडे वळताना आणि पंपावरून बाहेर पडताना. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, तेव्हा कच्च्या वाटेवर गाडी घालण्याआधी कागद वाचा. पेट्रोल, रोकड आणि औषधं आरेओपोलीतच घ्या.

कधी जावं आणि किती वेळ ठेवावा? (शहापूर, बेळगाव)

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जाऊच नका. सावली नाही, दगड तापतात. माणशी दीड लिटर पाणी न्या. ऑर्थोडॉक्स ईस्टरला (2027 मध्ये 2 मे) खोल्या महिने आधी भरतात.

बरेच जण रस्त्यावरूनच फोटो काढून पुढे निघतात. तसं करू नका, दीड-दोन तास द्या. येरोलिमेनासला मुक्काम केलात तर पहाटे टेनारो या मानीच्या दक्षिण टोकाला जाता येतं. गाडी सोडल्यावर दीपगृहापर्यंत सुमारे 2 किमी पायवाट आहे. दुपारी दिरोसच्या गुहा, आत होडीतून फेरी. वाथिया मावळतीसाठी ठेवा, कारण समुद्र पश्चिमेला आहे आणि भिंतींवर खरा उजेड तेव्हाच येतो.

व्हिसा? (गोकाक)

शेंगेन. प्रौढांना शुल्क 90 युरो, सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर उशीर झाला.

घरात माळ आहे, मांस-अंडं चालत नाही. तिथे खाणार काय? (कडोली)

‘निस्तिसिमो’ असं विचारा, म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, अंडं, दूध नसतं, मात्र कालवं-झिंगे असू शकतात, तेवढं स्पष्ट विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या (लादेरा), डाळीचा फावा, उकडलेला पाला म्हणजे होर्ता आणि पाव यांवर पोट भरतं. लालांगिया हे मानीचं तळलेलं पिठाचं खाणंही मिळतं. सिग्लिनो हे इथलं धुरावलेलं डुकराचं मांस, ते सॅलडमध्येही घालतात. मागवतानाच नको म्हणा. फेटा चीजमध्ये बरेचदा कोकराच्या किंवा वासराच्या जठरातलं विरजण असतं, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी तेही टाळावं.