चाँद दिसेपर्यंत मुलगा कोणाकडे?

“ईद कधी हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही, मग मुलगा कोणाकडे हे कागदावर लिहायचं तरी कसं?” वेगळे झालेले मुस्लिम आईवडील मला हे हटकून विचारतात. लिहिता येतं. इंग्रजी तारखांवरचा भरवसा मात्र सोडावा लागतो.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात आई भुसावळला माहेरी, वडील धुळ्याला, मुलगा सात वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संमतीपत्रात होतं: रमजान ईद सम वर्षी वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे, मुलाला ईदच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला सोपवायचं. रमजान महिना 29 किंवा 30 दिवसांचा; एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. 9 एप्रिल 2024 ला एकोणतिसावा रोजा होता. वडील सहाच्या आधीच भुसावळ स्टँडवर हजर. आईचं म्हणणं, चाँद दिसायचाय, मग आज आदला दिवस कसा? त्या संध्याकाळी चाँद दिसला नाही, ईद 11 ला झाली. वडील एकटेच परतले. 10 ला ऐन गर्दीत कापडाचं दुकान सोडून त्यांना निघता आलं नाही. मुलासाठी शिवलेला कुर्ता धुळ्यात घडीतच राहिला.

माझ्यासमोर दोघं एकमेकांना खोटं पाडत होते. मुलाने मला हळूच विचारलं, “मॅडम, पुढच्या वर्षी धुळ्याला आणि भुसावळला एकाच दिवशी चाँद दिसेल ना?” आईवडिलांच्या भांडणाचा त्याने लावलेला अर्थ हा. मला तो फार लागला, आणि दोघांनाही मी तो तसाच ऐकवला.

मग नवं कलम लिहिलं. एकोणतिसाव्या रोज्याला दुपारी चारला, दोन्ही गावांच्या वाटेवरच्या पारोळा स्टँडवर मुलगा सोपवायचा. चाँद दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर तिसावा रोजाही तिथेच, बासी ईद (ईदचा दुसरा दिवस) करून परत. पहिला रोजा ठरला की एकोणतिसावा कोणता हे चार आठवडे आधीच कळतं. एसटी, दुकान, शाळेला चिठ्ठी, सगळं जमवता येतं. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, चाँदच्या घोषणेची वाट बघून रात्री पोराला घेऊन हायवेवर निघायची वेळच येत नाही. “माझा एक दिवस जास्तीचा जाईल,” ताई म्हणाल्या. जाईल, त्यांच्या पाळीला तोच दिवस त्यांना मिळेल. दोन गावांत वेगळी घोषणा झाली, तर मुलगा असेल तिथली ईद खरी.

सम-विषम मी काढायलाच लावलं. हिजरी, म्हणजे चंद्रावर चालणारं इस्लामी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते: 2023 ला 22 एप्रिल, 2024 ला 11 एप्रिल, 2025 ला 31 मार्च. 2033 मध्ये रमजान ईद दोनदा येईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. मुलगा तेव्हा सोळाचा, आणि जुन्या कागदाप्रमाणे दोन्ही ईद आईकडे! म्हणून पाळी हिजरी वर्षाला बांधली. एका हिजरी वर्षातली रमजान ईद एकाकडे, त्याच वर्षातली बकरी ईद दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. बकरी ईद सोपी; जिलहिज्ज या शेवटच्या हिजरी महिन्याची दहावी असल्याने दहा दिवस आधी कळते. पण ती मे-जूनच्या सुटीत आली की सुटीच्या वाटणीशी भांडण लागतं, तेव्हा सणाचं कलम सुटीच्या कलमाच्या वर, हेही लिहून टाका.

ईद-ए-मिलादला सरकारी सुटीवर विसंबू नका. 2023 मध्ये ती आणि अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला एकत्र आल्या आणि राज्यात सुटी 29 ला दिली गेली. मुलाला ओढ जुलूसची, म्हणजे मिरवणुकीची असते, म्हणून ‘आपल्या गावात जुलूस निघेल तो दिवस’ असं लिहिलं.

हे सगळं व्हॉट्सॲपवर ठरवून भागत नाही. दोघांच्या सहीचा अर्ज देऊन न्यायालयाकडून आदेशात बदल करून घ्यावा. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचं हित हाच मुख्य निकष आहे.

हुकलेल्या ईदची भरपाई म्हणून पहिली पाळी वडिलांना द्यायला ताई कबूल झाल्या. 30 मार्च 2025, रविवार, गुढीपाडवा आणि एकोणतिसावा रोजा. मुलगा चारला पारोळ्यात वडिलांच्या हाती गेला, चाँद त्याच संध्याकाळी दिसला. 7 जूनची बकरी ईद वडिलांच्या सुटीच्या वाट्यात येत होती, तरी ती त्याने भुसावळला आईकडे केली आणि 10 तारखेला उरलेल्या सुटीसाठी परत धुळ्याला गेला.