साडेनऊ टक्के येतात कुठून?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतची यादी तीनदा. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वय 58, दोन वर्षांनी नोकरी संपणार, पेन्शन नाही. जमलेली पुंजी आजच्या वार्षिक खर्चाच्या साधारण 20 पट. ती सगळी तुम्हाला भरघोस लाभांश देणाऱ्या 11 ठिकाणी लावायची आहे: तीन बँका, दोन तेल कंपन्या, तीन रीट (स्थावर मालमत्तेत किंवा तिच्या कर्जांत पैसे लावून मिळकत वाटणाऱ्या संस्था), एक टेलिकॉम आणि दरमहा पैसे वाटणारे दोन 'इन्कम' फंड. यादीचं सरासरी यील्ड साडेनऊ टक्के. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. माझा आक्षेप ओळखून तुम्ही उत्तरही आधीच देऊन ठेवलंय: 'मला लागतात पाच टक्के, येणार साडेनऊ. उद्या लाभांश निम्मा झाला तरी माझं जवळपास भागतंय.'

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. दहा टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्या बहुतेकांना ते दहा टक्के लागतातच म्हणून हवे असतात; तुम्ही निदान फट ठेवली आहे. तरीही ही यादी आहे तशी घेऊ नका असंच मी सांगेन. तुमचा मुद्दलाचा नियम या यादीतच मोडतो. मुद्दलाला हात लागतो, फक्त तो तुमचा नसतो म्हणून तुम्हाला दिसत नाही.

यील्ड म्हणजे अपूर्णांक. वर लाभांश, खाली शेअरचा भाव. 100 ला मिळणारा शेअर वर्षाला 4 देत असेल तर यील्ड चार टक्के. तोच शेअर गडगडून 40 वर आला, तर गेल्या वर्षीचा 4 चा लाभांश धरून यील्ड दहा टक्के दिसू लागतं. कंपनीने एक छदामही वाढवून दिलेला नसतो. यील्डच्या उतरत्या क्रमाने यादी लावली की असे गडगडलेले शेअर आपोआप वर येतात, कारण छापलेला आकडा मागच्या वर्षीचा लाभांश सांगतो आणि भाव पुढच्या वर्षीची भीती. बाजार नेहमी बरोबर असतो असं नाही, पण दहा टक्के यील्ड दिसलं की 'बाकीच्यांना हे कसं दिसलं नाही?' याआधी 'बाकीच्यांना काय दिसलंय?' हे विचारायला हवं.

तुमच्या तीन रीटपैकी एक मालमत्ता भाड्याने देणारा नाही. तो कर्ज काढून गृहकर्जांचे रोखे घेणारा, म्हणजे मॉर्गेज रीट आहे. त्याच धंद्यातल्या अमेरिकेतल्या एजीएनसीचं उदाहरण पाहा. 2010 आणि 2011 मध्ये ती दर तिमाहीला शेअरमागे 1.40 डॉलर देत होती, म्हणजे वर्षाला 5.60. एप्रिल 2020 पासून ती महिन्याला 12 सेंट देते. वर्षाचे होतात 1.44. रक्कम जवळपास चौथ्या हिश्श्यावर आली. या सगळ्या काळात यील्ड मात्र बहुतेक वेळा दोन आकडीच दिसत राहिलं, कारण लाभांशाबरोबर भावही उतरत गेला. ज्याने 2011 मध्ये हा शेअर घेऊन फक्त लाभांश खाल्ला, त्याने 'मुद्दलाला हात लावला नाही' हे तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे. शेअरची संख्या तेवढीच राहिली. पण घर चालतं ते टक्क्यांवर नाही, रकमेवर.

मी स्वतः ही चूक केली आहे, म्हणून थोडं कळवळून लिहितोय. या व्यवसायात नवा असताना एका कंपनीचे शेअर निव्वळ यील्ड बघून घेतले. चार वर्षं लाभांश वेळेवर आला आणि मी खूश होतो. पाचव्या वर्षी तो थांबला. मिळालेला सगळा लाभांश आणि उरलेला भाव यांची बेरीज केली तेव्हा ती मी घातलेल्या रकमेच्या पाऊणपट भरली. चार वर्षं मी माझेच पैसे हप्त्याहप्त्याने परत घेत होतो आणि त्याला उत्पन्न म्हणत होतो. बियाणं दळून खाण्यातलाच प्रकार, फक्त पीठ शिस्तीत दर तिमाहीला घरपोच येत होतं.

आता तुमचा 'निम्मा झाला तरी' हा मुद्दा. त्यात दोन गृहीतं दडली आहेत. पहिलं, कपात निम्म्यावर थांबेल. बँक ऑफ अमेरिकाने जानेवारी 2009 मध्ये तिमाही लाभांश 32 सेंटवरून 1 सेंट केला. शेलने एप्रिल 2020 मध्ये 47 सेंटवरून 16 वर आणला, आणि ती तिची दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली कपात होती. जनरल इलेक्ट्रिकने 2009 मध्ये 31 चे 10 केले. मग हळूहळू 24 पर्यंत सावरून 2017 मध्ये 12 आणि 2018 मध्ये 1 सेंट. बँकांच्या बाबतीत तर निर्णय कंपनीच्या हातातही राहत नाही. मार्च 2020 च्या शेवटी ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी नियामकाच्या सांगण्यावरून आधी जाहीर केलेला 2019 चा लाभांशसुद्धा रद्द केला. त्यात एचएसबीसी, बार्कलेज, लॉइड्स सगळ्या होत्या.

दुसरं गृहीत अधिक घातक आहे: कपाती एकेक करून, आपल्या सोयीने येतील. तुमच्या यादीत नावं 11 आहेत, पण दुखणी दोन-तीनच. बँकेलाही मंदी बाधते, तेलालाही. रीटला व्याजदर बाधतात. रीट म्हणून मान्यता टिकवायची तर अमेरिकेत करपात्र उत्पन्नाचा किमान 90 टक्के भाग वाटावाच लागतो, त्यामुळे गाठीशी फारसं उरत नाही आणि वाढीसाठी कर्ज किंवा नवे शेअर काढावे लागतात. टेलिकॉमवर कर्जाचा डोंगर असतो. म्हणजे वाईट वर्ष आलं की यातले सहा-सात एकदम आखडता हात घेतील, आणि नेमके तेव्हाच त्यांचे भावही पडलेले असतील. तूट भरायला तुम्ही विकणार काय? तेच पडलेले शेअर.

'पण वीज कंपन्या, जुन्या खात्रीच्या कंपन्या घेतल्या तर?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. न्यूयॉर्कला वीज पुरवणारी कॉन एडिसन 1885 पासून लाभांश देत होती. तेलाचे भाव भडकल्यावर 1974 मध्ये तिने एका तिमाहीचा लाभांश चुकवला. त्यावर जगणारे निवृत्त भागधारक सर्वसाधारण सभेत व्यवस्थापनावर तुटून पडले. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी 1984 मध्ये हीच सभा समोर ठेवून एक प्रश्न मांडला: लाभांश नसेल तर माणूस थोडे शेअर विकून तेवढेच पैसे का उभे करत नाही? हिशोबाने दोन्ही सारखंच. मिलर आणि मोदिग्लियानी या अर्थशास्त्रज्ञांनी 1961 मध्येच दाखवलं होतं की कर आणि खर्च बाजूला ठेवले तर लाभांश वाटल्याने भागधारक श्रीमंत होत नाही. खिशातली रक्कम एका खणातून दुसऱ्या खणात जाते. एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण लाभांशाएवढा उतरतो, तो यामुळेच. शेफ्रिन-स्टॅटमन यांचं उत्तर मला फार माणूसपणाचं वाटतं: लोकांना स्वतःवर भरवसा नसतो. विकायची मुभा दिली तर आपण जास्त विकू, ही भीती असते. 'लाभांश खायचा, मुद्दल नाही' हा स्वतःला घातलेला लगाम आहे.

म्हणून तुमच्या नियमाची मी थट्टा करत नाही. लगाम चांगलाच आहे. तुम्ही तो भलत्याच घोड्याला घातलाय एवढंच.

त्या दोन मासिक फंडांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यादीतलं सर्वांत जास्त यील्ड त्यांचंच आहे. हे फंड शेअर घेतात आणि त्यांवर कॉल ऑप्शन, म्हणजे ते शेअर ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क, विकतात. मिळालेला प्रीमियम तुम्हाला दरमहा वाटतात. मोबदल्यात बाजार वर गेला तर त्या ठरावीक पातळीच्या वरचा फायदा ऑप्शन घेणाऱ्याचा. बाजार पडला तर तोटा मात्र जवळजवळ पूर्ण तुमचा, प्रीमियमपुरताच दिलासा. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच. पडल्यावर पुरता सावरत नाही म्हणून अशा फंडाचा भाव पायरीपायरीने खाली सरकत जाऊ शकतो. शिवाय वाटलेल्या रकमेत कधीकधी भांडवलाचाच परतावा असतो; फंडाच्या वार्षिक विवरणात तो वेगळा दाखवलेला असतो. तो आकडा आधी बघा.

आता महागाई. लाभांश कुणीही कापला नाही असं समजू. तुमच्या यादीतला लाभांश वाढताही दिसत नाही, कारण जवळपास सगळा नफा वाटला जातोय. महागाई पाच टक्के धरली तर निवृत्तीच्या वेळच्या पुंजीच्या पाच टक्के धरलेला तुमचा खर्च निवृत्तीनंतर 13 वर्षांत साडेनऊ टक्क्यांवर पोचतो. फट संपली. तुम्ही तेव्हा 73 चे असाल. सुरुवातीची शिल्लक दरवर्षी पुन्हा गुंतवलीत तर हा दिवस पुढे ढकलता येईल, पण बहुतेक ठिकाणी लाभांशावर कर तो मिळाला त्याच वर्षी लागतो, तुम्हाला गरज असो वा नसो. कर कापून उरलेलं तुम्ही परत गुंतवणार.

इथे वाढत्या लाभांशाचे पुरस्कर्ते लगेच पुढे येतील, तर त्यांचंही एक झाकलेलं गणित उघड करतो. साडेतीन टक्के यील्ड आणि दरवर्षी सात टक्के वाढ असलेल्या कंपनीचा लाभांश तुमच्या साडेनऊ टक्क्यांना गाठायला साधारण पावणेपंधरा वर्षं घेतो. तेही वाढ अखंड टिकली तर. म्हणून 'फक्त वाढता लाभांश घ्या' एवढ्याने तुमचा पहिल्या वर्षाचा खर्च निघत नाही.

यावरून आपण खऱ्या प्रश्नाशी येतो, आणि तो लाभांशाचा नाहीच. 20 पट पुंजीतून पाच टक्के काढणं हे मुळातच जरा जास्त आहे. बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी 1994 मध्ये अमेरिकेच्या जुन्या आकडेवारीवरून 30 वर्षांसाठी पहिल्या वर्षी चार टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढ, असा अंदाज काढला. तो दगडावरची रेघ नाही, दुसऱ्या देशात कमी-जास्त होईल. पण चार टक्के म्हणजे 25 पट. तुमच्याकडे पाच वर्षांच्या खर्चाएवढी पुंजी कमी आहे आणि साडेनऊच्या आकड्याने ती तूट झाकली गेली आहे. दीड-दोन वर्षं जास्त नोकरी, निवृत्तीनंतर थोडंफार अर्धवेळ काम, किंवा खर्चात दहावा हिस्सा कपात, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी तुमच्यासाठी माझ्या निवडलेल्या कुठल्याही शेअरपेक्षा जास्त काम करतील.

मांडणी विचाराल तर मी अशी करेन. तीन वर्षांचा खर्च ठेवी आणि अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत. तो वाईट वर्षांसाठी, एरवी विसरायचा. आणखी चार-पाच वर्षांचा खर्च मध्यम मुदतीच्या रोख्यांत. उरलेल्यापैकी निम्म्याहून जास्त सर्व क्षेत्रं व्यापणाऱ्या इंडेक्स फंडात (बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा घेणारा फंड), आणि बाकीच्या भागात तुमचे लाभांशाचे शेअर, खुशाल. त्यात एका कंपनीला एकूण पुंजीच्या तीन टक्क्यांहून जास्त नाही, एका क्षेत्राला आठहून नाही. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, लाभांश आणि व्याज मोजायचं आणि कमी पडेल तेवढंच इंडेक्स फंडातून विकायचं. बाजार पडलेला असेल तर विकायचं नाही, ठेवीतून काढायचं. विकण्याची रक्कम आजच कागदावर लिहून ठेवा. तुमचा लगाम तोच, फक्त कंपनीच्या संचालकांऐवजी तुमच्या हातात.

शेअर निवडताना पे-आउट, म्हणजे वाटलेला लाभांश, नफ्याशी ताडू नका, हाती उरणाऱ्या रोकडीशी ताडा. नफा कागदावर फुगवता येतो, लाभांश रोकडीतूनच जातो. भांडवली खर्च वजा करून उरलेल्या रोकडीच्या 70 टक्क्यांहून जास्त वाटणारी कंपनी असेल तर कारण शोधा. (रीट आणि बँकांना ही फूटपट्टी लागू पडत नाही, रीटमध्ये भाड्यातून येणारी रोकड आणि बँकेत भांडवल पर्याप्तता, म्हणजे तोटा सोसायला पुरेसं स्वतःचं भांडवल आहे का, ते पाहावं लागतं.) पुढच्या तीन वर्षांत किती कर्ज फेडायचं आहे तेही बघा, कारण सावकार आणि भागधारक एकाच दारात उभे असतील तर आधी कोणाला मिळतं हे सांगायला नको.

तुमच्या यादीतल्या तेल कंपन्यांपैकी एक आणि भाड्याची मालमत्ता असलेले दोन रीट मला मर्यादेत चालतील. मॉर्गेज रीट आणि दोन्ही मासिक फंड नकोत. तीन बँकांची एक करा. टेलिकॉमचं उत्तर तिच्या कर्जफेडीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय देणार नाही. वार्षिक अहवालात कर्जाच्या टिपणात ते सापडेल, तेवढं पान पाठवा. आणि पत्रात पत्नीच्या बचतीचा उल्लेख ओझरता आहे. ती वरच्या 20 पटीत धरली आहे की वेगळी, ते कळवा. वेगळी असेल तर वरचं बरंचसं मी सौम्य करेन.