रोज व्हिडिओ बघून योगा करते, शरीराला बरं वाटतं पण आनंद वगैरे काही जाणवत नाही. माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने झाले, रोज अर्धा तास, एकही खाडा नाही, पाठदुखी गेली, पण लोक म्हणतात तसं मन प्रसन्न होणं, माणसांशी जोडलं गेल्यासारखं वाटणं यातलं काहीच झालं नाही. पहिलं म्हणजे पाठदुखी गेली हे काही कमी नाहीये हो. आणि चुकत असं काही नाहीये, फक्त तुम्ही एकट्याने करताय एवढंच मला दिसतंय.

माझं सांगतो. मी डोंबिवलीचा, २०१७ मध्ये बदली होऊन नागपूरला आलो, मुलाची दहावी म्हणून बायको आणि मुलगा तिकडेच राहिले. ऑफिसातून आलं की डबा, टीव्ही, झोप. एखाद्या रविवारी तर दिवसभरात मी बोललेलं एकमेव वाक्य म्हणजे दूधवाल्याला 'अर्धा लिटर'. तेव्हा मी पण मोबाइल भिंतीला टेकवून योगा सुरू केला, आणि हौस इतकी की तिसऱ्याच दिवशी सर्वांगासन, मान अशी धरली की आठवडाभर कोणी हाक मारली तर अख्खा वळायचो. हे खालच्या मजल्यावरच्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, "काहून एकटे एकटे करता जी, या ना वर्गाला, पैसे-बैसे काही नाही लागत."

पैसे लागत नाहीत म्हटल्यावर मला आधी संशयच आला (आम्ही मुंबईकडचे लोक). पण नागपुरात ही जुनी रीत आहे, जनार्दनस्वामींनी १९५१ साली इथे योगाभ्यासी मंडळ काढलं आणि योग विनामूल्य शिकवायचा हा पायंडा त्यांचा. त्यांचा 'समाधानाय सौख्याय' असा सुरू होणारा श्लोक इकडे खूप जणांना पाठ असतो, त्याचा शेवट होतो 'यथाशक्ति निरंतरम्' असा. म्हणजे जमेल तेवढं, पण रोज. आमच्यासारख्या खुराड्यात वाढलेल्या गुडघ्यांना तो 'यथाशक्ति' फार मोठा आधार आहे.

तर वर्ग म्हणजे काय, देवळाशेजारचा हॉल, सतरंज्या, कुरकुरणारा पंखा आणि सकाळी साडेपाचला पंचवीसेक माणसं. त्यात निम्मी साठीच्या पुढची. वज्रासनात बसलं की चारी बाजूंनी घोट्यांचे कटकट आवाज. माझी टाच आणि बूड यांची भेटच होईना, तर शिकवणाऱ्या ताईंनी कोणाचा तरी टॉवेल घडी करून मध्ये सरकवला, झालं. मग तीन ओंकार. पहिला ओंकार म्हणजे नुसता गोंधळ, कोणी लवकर संपवतो, कोणाचा सूर भलतीकडे. दुसऱ्यात जरा जुळतं. तिसऱ्याच्या शेवटी मात्र सगळ्यांचा म्-कार एकदमच संपला आणि मग दोन-तीन सेकंद हॉलमध्ये फक्त पंखा. मला त्या दोन-तीन सेकंदात काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही पण दुसऱ्या दिवशी मी अलार्मच्या आधी उठलो होतो.

याला शरीराचं कारण पण आहे म्हणा, श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात आणि ओंकारात आपण बराच वेळ श्वास सोडतच असतो, म्हणून शांत वाटतं. पण तेवढं तर तुम्हाला घरी पण मिळतंय. शेजारच्याचा श्वास ऐकून आपला लांबवणं हे व्हिडिओत नाही होत, कारण व्हिडिओतली बाई तुमच्यासाठी थांबत नाही.

आता खरी गोष्ट. चार-पाच महिन्यांनी मला व्हायरल झाला, तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली, दारात वर्गातले एक रिटायर्ड गृहस्थ, ज्यांच्याशी मी तोपर्यंत 'नमस्कार' पलीकडे एक शब्द बोललेलो नव्हतो, हातात मुगाच्या खिचडीचा डबा. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं! खाली वॉचमनला त्यांनी विचारलं होतं, "ते चष्मेवाले सर, शवासनात ज्यांचा पाय हालत राहते, ते कुठे राहतात?" आता वॉचमनला माझ्या शवासनाचं काय माहीत, पण चष्म्यावरून सापडलो मी. आत आले, पाणी पिलं, डबा उद्या द्या म्हणाले आणि गेले. मी ती खिचडी खाताना जरा रडलो असं लिहायला आता लाज वाटत नाही.

त्यानंतर ताईंनी एकदा योगसूत्रातल्या चार गोष्टी सांगितल्या, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे काणाडोळा, असं वागलं की चित्त प्रसन्न होतं म्हणे. बघा, प्रसन्नतेबद्दल बोलताना पतंजली पाय डोक्यामागे न्या म्हणत नाहीयेत, माणसांशी कसं वागा ते सांगतायत. मी ऑफिसात प्रयोग केला. माझ्याच बरोबरीच्या एकाला प्रमोशन मिळालं, त्याला मुद्दाम जागेवर जाऊन हात मिळवला, आतून जळत होतोच, पण तो इतका खूश झाला की चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत माझं जळणं निम्म्यावर आलं होतं. करुणा अजून जमते कधी कधी. उपेक्षा मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नापास.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन की आठवड्यातून दोन दिवस तरी कुठल्या तरी वर्गाला जा, बागेतला असो, देवळातला असो, मॅट भारी नको की कपडे भारी नको. शिकवणारी व्यक्ती 'दुखतंय तिथे थांबा' म्हणते का तेवढं बघा. आणि संपल्यावर लगेच पळू नका, ती दहा मिनिटं महत्त्वाची. आमचा वर्ग रविवारी सुटला की सरळ तर्री पोह्यांच्या गाड्यावर जातो, एवढे शुद्धीकरण करून वर ती लाल तर्री, पण कोणाला काही वाटत नाही. बाकी झोपच लागत नसेल, सतत उदास वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना भेटा, त्याला योगा एकटा पुरत नाही.

वर्ग नाहीच जमला तर घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोंबिवलीला असते, खाली बसता येत नाही. संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करतो, ती खुर्चीत बसून घोटे फिरवते, खांदे फिरवते, मग दोघं मिळून दहा श्वास. फोन असा धरते की मला फक्त छताचा पंखा दिसतो आणि आवाज ऐकू येतो, "सोडला बरं का मी, तू सोडलास का?" परवा म्हटलं आई, पंखा पुसायला झालाय. तर म्हणाली, "मोजणं चुकवलंस माझं, आता पुन्हा एकपासून."