गृहीतक आधी, पायथॉन नंतर

बेटा,

अनेक आशीर्वाद. विभागाने डेटा सायन्सचा नवा पेपर तुझ्यावर सोपवला आणि तुझी पीएचडी बीजगणितातली, म्हणून तू धास्तावली आहेस. धास्ती सोड. पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवणारे क्लास जळगावात, धुळ्यात पाहिजे तेवढे मिळतील. हे सूत्र कोणत्या गृहीतकावर उभं आहे आणि आपल्यासमोरच्या आकड्यांत ते गृहीतक टिकतं का, हे विचारायची सवय मात्र गणित विभागातच लागते. नवा पेपर त्या सवयीवर बांध.

पाटणला पोरांना एकदा घेऊन जा. चाळीसगावजवळच्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. पुढे जुन्या मराठीत लिहिलंय की पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा. बाजारातली आवक आणि गणित यांचं नातं आपल्या मुलखात इतकं जुनं आहे, म्हणून उदाहरणं पुस्तकांत नेहमी येणाऱ्या परदेशी फुलांच्या पाकळ्यांच्या मापांची घेऊ नकोस. बाजार समितीचे आकडे घे.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात सांगतो. चार क्रेडिटचा पेपर असेल तर दोन थिअरीचे आणि दोन प्रात्यक्षिकाचे ठेव. म्हणजे ३० तास फळ्यावर आणि ६० तास लॅबमध्ये, १५ आठवड्यांत आठवड्याला दोन आणि चार तास. जागा करायला रेखीय बीजगणित किंवा संभाव्यता कापायचा प्रस्ताव अभ्यास मंडळात आला तर ठाम नाही म्हण. वाटलं तर न्यूरल नेटवर्क शेवटच्या दोन आठवड्यांत ढकल. साखळी नियम आणि ग्रेडियंट नीट आलेल्या पोराला ते दोन आठवड्यांत कळतं, उलट क्रमाने कधीच कळत नाही. लॅबला महागडं ग्राफिक कार्ड मागू नकोस. १६ जीबी रॅमची २० साधी यंत्रं पुरतात. मात्र सगळी पॅकेजेस एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. नेट गेलं म्हणून चार तासांचं प्रात्यक्षिक बुडायला नको.

पहिले चार आठवडे लघुतम वर्ग पद्धतीला, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी ठेवून आकड्यांवर रेषा किंवा वक्र बसवायच्या रीतीला दे. लेजांद्रने ती १८०५ साली छापली आणि अजूनही निम्मं डेटा सायन्स तिच्यावर चालतं. तिची नॉर्मल समीकरणं एमएस्सीच्या पोराला पाठ असतात, एक्स म्हणजे आकड्यांचं मॅट्रिक्स: एक्स ट्रान्सपोज एक्स काढा, इन्व्हर्स घ्या, झालं. इथेच त्याला थांबव. २००५ ते २०२४ या २० वर्षांच्या कापसाच्या भावावर वर्ष हाच चल घेऊन वर्गबहुपदी बसवायला सांग. रकाने तीन: एक, वर्ष, वर्षाचा वर्ग. नुसती सरळ रेषा असती तर या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतली छोटी चूक उत्तरात किती पट फुगू शकते त्याचं माप, सुमारे सात लाख आला असता. वर्ग घेतला की तो १०^११ च्या पुढे जातो. नॉर्मल समीकरणांत त्याचाच वर्ग होतो, म्हणजे १०^२२ च्या वर, आणि संगणकाकडे विश्वासाचे अंक जेमतेम १६. यंत्र उत्तर देतं, लाल अक्षरात चूक दाखवतंच असं नाही, आणि सहगुणक निव्वळ कचरा असतात. मग त्याच पोराला प्रत्येक वर्षातून २०१४.५ वजा करायला आणि १० ने भागायला सांग. कंडिशन नंबर चारच्या आसपास येतो. आकडे तेच, वक्र तोच, फक्त आधार (बेसिस) बदलला. ‘आधार बदलणे’ हा शब्द त्याने बीएस्सीला परीक्षेपुरता लिहिलेला असतो. त्या दिवशी तो त्याला समजतो. मग क्यूआर आणि एसव्हीडी या मॅट्रिक्स फोडून सोडवायच्या रीतींकडे वळ. आता ते का लागतात हे वेगळं सांगावं लागणार नाही.

यानंतर मिरची. नंदुरबारच्या बाजारात हंगामात ओली लाल मिरची येते, व्यापारी ती पथारीवर वाळवतात आणि सुकी मिरचीही विकली जाते. दोन्हींचे दर एकाच रकान्यात आले तर हिस्टोग्रामला दोन उंचवटे दिसतात, आणि सरासरी पडते मधल्या खोलगटात, जिथल्या भावाने एक क्विंटलही विकला गेलेला नसतो. पोरं सरासरी, प्रमाण विचलन काढून मोकळी होतात. त्यांना आधी चित्र काढायला लाव, मग विचार, ‘हा भाव कोणत्या मिरचीचा?’ याच तक्त्यात एखाद्या ओळीत क्विंटलऐवजी किलोचा दर भरला गेला तर ती शंभरपट खाली पडते. अशी एक ओळ सरासरी ओढून नेते, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, जवळपास हलत नाही. मजबूत संख्याशास्त्राचं हे पहिलं प्रमेय समज, आणि त्याची सिद्धताही करून घे.

केळीचं दुखणं वेगळं. रावेर-यावलकडे बरीचशी केळी शेतातच कापून ट्रकमध्ये भरली जाते, ती बाजार समितीच्या काट्यावर येतच नाही. त्यामुळे समितीच्या नोंदीतली आवक म्हणजे जिल्ह्याची केळी नव्हे. नमुना कसा निवडला गेला, हे न विचारता काढलेला निष्कर्ष कितीही दशांश स्थळांपर्यंत दिला तरी लंगडाच राहतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो तपासणीत. पुस्तकात लिहिलेलं असतं, ८० टक्के आकड्यांवर मॉडेल शिकवा, २० टक्क्यांवर तपासा. पोरगं पत्ते पिसावेत तसे दिवस पिसतं. मग सोमवारचा आणि बुधवारचा भाव शिकवणीत जातो, मंगळवारचा परीक्षेत येतो, आणि मॉडेल ९८ टक्के अचूक ठरतं. भावाच्या आकड्यांना काळाचा क्रम असतो. एक तारीख ठरव, तिच्या आधीचं सगळं शिकवणीला आणि नंतरचं परीक्षेला. प्रमाणीकरणासाठी, म्हणजे आकडे एका मापात आणायला, लागणारी सरासरीसुद्धा फक्त आधीच्या भागातून काढायची. आणि प्रत्येक प्रकल्पाला एक अट घाल: ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ हा बिनडोक अंदाज आधी मांडा, तुमचं मॉडेल त्याला हरवतंय का दाखवा. बरीच मॉडेलं इथेच गळतात. गळू देत.

पानांच्या फोटोंचंही तसंच. केळीच्या करपा या पानांच्या रोगावर प्रकल्प करायला दर वर्षी कुणीतरी येणारच. एकाच झाडाचे पाच फोटो दोन्हीकडे विभागले गेले तर मॉडेल रोग ओळखत नाही, झाड ओळखतं. विभागणी शेतावार कर. शिवाय १००० पानांत करप्याची ५० असतील तर ‘सगळी निरोगी’ म्हणणारा ठोकळाही ९५ टक्के बरोबर ठरतो. त्याहून चांगलं, दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर असणारं मॉडेल घे: ५० पैकी ४५ पकडेल, पण ९५० निरोगी पानांतली ९५ पण रोगट म्हणेल. म्हणजे १४० वेळा ओरडलं, त्यात ४५ खरे, सुमारे ३२ टक्के. शेतकरी त्या सल्ल्यावर फवारणीचा खर्च करणार आहे, हे वर्गात सांग. सशर्त संभाव्यतेचं बेझचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हा हिशेब तोंडी करून घे.

संशोधनाचं तू पत्रात शेवटी विचारलंस, पण तुझं मन तिथेच आहे हे कळतं. मोठ्या संस्थांशी यंत्रांच्या ताकदीत स्पर्धा करू नकोस, गृहीतकं तपास. कॅन्डेस आणि रेक्ट यांनी २००९ मध्ये दाखवलं की कमी रँकच्या, म्हणजे थोड्याच स्वतंत्र ओळींतून बनलेल्या, मॅट्रिक्समधल्या थोड्याच नोंदी माहीत असल्या तरी, काही अटींखाली, उरलेल्या नेमक्या भरून काढता येतात. त्यातली एक अट अशी की माहीत नोंदी यदृच्छेने विखुरलेल्या असाव्यात. आता जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार असे बाजार उभे आणि दिवस आडवे मांड. रिकाम्या जागा विखुरलेल्या दिसतील का? पोळ्याला, दिवाळीला सगळे बाजार एकदम बंद, म्हणजे अख्खी आडवी ओळ रिकामी, आणि पूर्ण रिकामी ओळ नुसत्या कमी रँकच्या आधारावर भरता येत नाही. भाव पडला की शेतकरी माल घरीच ठेवतो, म्हणजे नोंद नसणं हे भावावरच अवलंबून. प्रमेयाची अट इथे ढासळते. कोणती दुबळी अट पुरेल, बाजारांमधल्या रस्त्यांचा ग्राफ जोडून त्याचा लाप्लासियन, म्हणजे कोणता बाजार कुणाला जोडलेला आहे हे सांगणारं मॅट्रिक्स, वापरला तर किती वाचवता येईल, हा खरा गणिती प्रश्न आहे. बीजगणितातून आलेल्या माणसाला तो जमेल, आणि एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाला पुरून उरेल.

एका गोष्टीची काळजी घे. पोरं अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी बोलणाऱ्या घरांतून येतात. संगणकाने इंग्रजीत दाखवलेल्या चुका वाचताना ती गप्प होतात आणि आपल्याला गणित येत नाही असं समजतात. संगणकाने दिलेली प्रत्येक चूक पहिले दोन आठवडे मोठ्याने, मराठीत, अर्थासकट वाचून दाखव. त्यात वेळ जातो, जाऊ दे.

पहिल्या तासाला यंत्रं बंदच ठेव. मिरचीच्या आवकेच्या ३० ओळी छापून प्रत्येकाला एक कागद दे. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आवक, तारीख, एवढेच रकाने. पेन्सिलने सांगायला लाव की यातली कोणती ओळ खोटी वाटते आणि का. एखादी ओळ अशी ठेव, जिच्यात सर्वसाधारण दर कमाल दरापेक्षा जास्त आहे. ती कुणाला दिसली आणि कुणाला नाही, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेव. प्रकल्पाचे गट त्यावरून पाड.

तुझा,
सर