आता आणखी किती पडणार?

"एवढा पडलाय मॅडम, आता आणखी किती पडणार?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कोण म्हणालं हे आठवायचं तर मला त्या माणसाची वही आठवावी लागते. ही वही चौकटीच्या कागदाची होती. पट्टी लावून आखलेले रकाने, एकही खाडाखोड नाही. वहीचे मालक गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आकडे गोल केलेत. लिहायला त्यांची हरकत नाही.) मी समुपदेशक, माझ्याकडे ते आले ते झोपेची तक्रार घेऊन. पहाटे तीनला जाग येते आणि मोबाईलवर भाव बघितल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नाही. पहाटे तीनला बाजार बंद असतो, भाव कालचाच दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी बघायचे.

शेअर एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचा. कंपनी कर्जात रुतलेली. शेअर पहिल्यांदा घेतला तेव्हा भाव ४० होता आणि त्यांनी १०० घेतले. २० झाला तेव्हा २००. १० ला ४००. ५ ला ८००. दर खेपेला तेवढेच पैसे, दुप्पट शेअर. शेवटच्या रकान्यात सरासरी: १०.६७.

"म्हणजे चाळीसला घेतलेला माणूस मी आता साडेदहावर आणून ठेवलाय," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता.

त्या दिवशी भाव ३ होता. १६,००० घातलेले, त्याचे ४,५०० उरलेले. हा रकाना मात्र वहीत नव्हता.

जुगारी म्हटलेलं त्यांना चाललं नसतं, आणि ते तसे नव्हतेही. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी धातूची छोटी नळी, काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच कंपनीचं, कधीकाळी सॅम्पल म्हणून आलेलं. तेलाचा वास अजून होता. "बोट फिरवून बघा. आरशासारखा फिनिश आहे. असा माल काढणारी कंपनी बुडेल?"

गोची इथेच असते. ज्याला या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही तो माणूस एखाद वेळी घाबरून लवकर सुटतो. ज्याला माल कळतो तो अडकतो, कारण त्याला वाटतं की माल कळला म्हणजे शेअर कळला. सुटे भाग पुरवणाऱ्यांचं दुखणं मालात क्वचितच असतं. गिऱ्हाईक मोजकी, दोन-चार गाडी कंपन्या. त्यातली एक हलली की निम्मा धंदा हलतो. त्या दरवर्षी दर कमी करून मागतात. पोलाद महागलं तर ती वाढ लगेच पुढे ढकलता येत नाही. डाय म्हणजे साचे, मशिनं, शेड यांत पैसा आधीच कर्ज काढून घातलेला असतो, आणि गाड्या कमी खपल्या म्हणून व्याज कमी होत नाही. आणि भाग इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा असेल, तर विजेच्या गाडीत त्याला जागाच नाही. आरशासारखा फिनिश असूनही.

इथे मी एक चूक केली. मी व्याख्यान दिलं.

डेल्फायची गोष्ट सांगितली. जनरल मोटर्सच्या पोटातून १९९९ मध्ये वेगळी झालेली सुट्या भागांची अवाढव्य कंपनी. ८ ऑक्टोबर २००५ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भाव अर्ध्या डॉलरच्या खाली गेला. मग छोटे गुंतवणूकदार आले, "एवढी मोठी कंपनी बंद थोडीच होणार" म्हणत. वर्षभरात भाव तिथून काही पट वर गेला, कारण मोठे गुंतवणूकदार पैसा ओतणार अशी बातमी होती. एप्रिल २००८ मध्ये ते मागे फिरले. कंपनी बंद पडली नाहीच, लोकांचा तेवढा अंदाज बरोबर निघाला. ऑक्टोबर २००९ मध्ये ती दिवाळखोरीतून बाहेर आली, कारखाने चालू राहिले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये नव्या डेल्फायचा शेअर २२ डॉलरला बाजारात आला. जुन्या शेअरवाल्यांना मात्र त्यातलं काहीही मिळालं नाही. कंपनी वाचली, शेअर मेला.

कारण रांग. पैसे वाटायची वेळ येते तेव्हा रांगेत पुढे असतात तारणावर कर्ज देणारे आणि कामगारांची थकबाकी, मग बाकीचे येणेकरी, सरकारी देणी, आणि सगळ्यात मागे साधे भागधारक. भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ५३ असो की अमेरिकेतला चॅप्टर ११, मधल्या पायऱ्या थोड्या इकडेतिकडे होतील, पण शेवटचा माणूस तोच. बँकांनाच आपल्या पैशांवर पाणी सोडावं लागत असेल तर त्यांच्या मागे उभ्या असलेल्याला काय मिळणार? २०१७ मध्ये अ‍ॅमटेक ऑटो ही सुट्या भागांची भारतीय कंपनी या प्रक्रियेत गेली तेव्हा तिच्याही छोट्या भागधारकांना हाच अनुभव आला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि अमेरिकन अ‍ॅक्सल?"

माणूस अभ्यास करून आला होता. हीसुद्धा गाड्यांचे सुटे भाग बनवणारी अमेरिकन कंपनी. अमेरिकन अ‍ॅक्सलचा शेअर २००९ च्या सुरुवातीला एक डॉलरच्याही खाली होता, २०१० संपताना दहाच्या वर. जनरल मोटर्सने पैशांची मदत केली, दिवाळखोरी टळली, आणि तळाला घेणाऱ्यांचं सोनं झालं. हेही खरंच आहे. त्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी फिरत असे. डेल्फायची फिरत नसे, कारण ज्यांचं गेलं ते ग्रुप सोडून जातात.

मी डेना या सुट्या भागांच्याच अमेरिकन कंपनीचं नाव काढलं, ते त्यांनाही माहीत होतं. एकाच पाटीखाली दोन्ही नशिबं. डेना मार्च २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली आणि जुने शेअर रद्द झाले. नव्या डेनाचा शेअर २००९ च्या मार्चमध्ये पुन्हा डॉलरच्या खाली गेला, आणि या खेपेला वर्ष संपेपर्यंत दहाच्या आसपास पोचला. पहिल्या वेळी "आता आणखी किती पडणार" म्हणणारा संपला, दुसऱ्या वेळी म्हणणारा तरला. दोघांनी वाक्य तेच म्हटलं होतं. मग उपयोग काय त्या वाक्याचा? भाव किती पडलाय यावरून पुढचं काहीच कळत नाही. ९० टक्के पडलेला शेअर म्हणजे तरी काय, ८० टक्के पडल्यावर कुणीतरी स्वस्त म्हणून घेतलेला आणि त्यानंतर निम्मा झालेला.

"बरं, टकाटाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. एअरबॅगवाली. २६ जून २०१७ ला जपानमध्ये अर्ज, २७ जुलैला टोकियोच्या बाजारातून नाव कमी. मधल्या महिन्यात, सगळं जाहीर झालेलं असताना, शेअर रोज वरखाली हिंदकळत होता.

"मग ते घेत कोण होतं?"

मी काही बोलले नाही. तेच ओशाळून हसले.

पण व्याख्यानाने झोप येत नसते. पुढच्या आठवड्यात ते परत आले तेव्हा तीनची जाग तशीच होती आणि अमेरिकन अ‍ॅक्सलचा जुना आलेख आता मोबाईलमध्ये साठवलेला होता. उदाहरणाला उदाहरण भिडवण्यात मी एक तास वाया घालवला होता. असं झालं की मी माझं ज्ञान बाजूला ठेवते आणि समोरच्याचं वापरते.

"तुमच्या टेबलावर एक जॉब आलाय," मी म्हटलं. "चार ऑपरेशन झालीत, हीट ट्रीटमेंट झालीय, ग्राइंडिंगही झालंय. तुम्ही प्लग गेज लावला आणि नो-गो बाजू बोअरमध्ये आत गेली. काय करता?" (जॉब म्हणजे घडवायचा भाग, बोअर म्हणजे त्याचं भोक. प्लग गेज ही भोकाचं माप तपासायची दांडी, आणि तिची नो-गो बाजू भोकात शिरता कामा नये.)

"रिजेक्ट. बोअर मोठं झालंय. काढलेलं मटेरियल परत कसं घालणार?"

"पण चार ऑपरेशनचा खर्च झालाय."

"तो गेजला कुठे कळतो..." आणि ते थांबले. बराच वेळ बुशाकडे बघत बसले.

मग मी विचारलं की या शेअरचा नो-गो कुठला. तो नव्हता. बोल्टालासुद्धा मर्यादा असते आणि स्वतःच्या पैशाला मर्यादा नाही, हे त्यांना भावाच्या घसरणीपेक्षा जास्त लागलं असावं. कागद घेऊन त्यांनी स्वतःच लिहायला सुरुवात केली. मी फक्त शब्द सुचवत होते. पुढच्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडायचं आहे आणि रोकड किती. धंद्यातल्या नफ्यातून निदान व्याज तरी भागतंय का. कंपनी यापुढे चालू राहील का याबद्दल लेखापरीक्षकांनी शंका नोंदवलीय का. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का. मोठं गिऱ्हाईक सोडून गेलंय का. वार्षिक अहवाल त्यांच्याकडे होता, फक्त त्यात त्यांनी आजवर उत्पादनाची पानं वाचली होती. पाचपैकी चार ठिकाणी नो-गो सरळ आत गेला.

तरी त्यांनी त्या दिवशी विकलं नाही. विका असं मीही म्हटलं नाही. तो सल्ला द्यायचा परवाना माझ्याकडे नाही, तो नोंदणीकृत सल्लागाराचा प्रांत. "विकू की ठेवू" विचारणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते आणि सगळे थोडे खट्टू होतात. माझा प्रश्न वेगळा असतो: पुढची खरेदी केव्हा आणि कशातून?

वही बंद करताना मला ते दिसलं. पेनने लिहिलेल्या चार ओळींखाली पेन्सिलीच्या दोन ओळी. २.५० ला १,६००. १.२५ ला ३,२००. सरासरीसुद्धा काढून ठेवलेली. आणि त्याखाली आणखी एक ओळ, आखून ठेवलेली, रिकामी.

"हे पैसे?"

"ठेव मोडणार होतो."

"घरी माहितीये?"

नव्हतं. पहिले १०० शेअर घेतले तेव्हा बायकोला कौतुकाने सांगितलं होतं. २० ला घेतलेले सांगायचे राहून गेले. १० ला घेतलेले लपवले. पहाटे तीनला जाग येण्याचं मूळ मला भावापेक्षा इथे जास्त वाटलं. तोटा माणूस पचवतो हो. लपवलेला तोटा दुरुस्त करून मगच सांगायचा, या हट्टापायी पुढची ओळ आखली जाते. सरासरी कमी करणं हा हिशेब आहे असं वाटतं, पण पुष्कळदा ती कबुलीची तारीख पुढे ढकलण्याची सोय असते.

तिसऱ्या खेपेला दोघं आली. मी आधी त्यांना एवढंच बजावलं होतं की आकडा सांगायचा, गोष्ट नाही. डेल्फाय नको, अमेरिकन अ‍ॅक्सल नको. त्यांनी वही उघडून बायकोसमोर ठेवली आणि सांगितलं, "सोळा घातले, साडेचार राहिलेत." बाई ओरडतील, रडतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या, पेन्सिलीच्यासुद्धा. मग रिकाम्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "अहो, अजून किती घालणार होतात?"

त्यांनी वहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. उत्तर नव्हतं त्यांच्याकडे.

राग नंतर आला, घरी, आणि तो रीतसर आठवडाभर टिकला, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. ठेव आता दोघांच्या सहीशिवाय मोडायची नाही असं ठरलंय. शेअर हप्त्याहप्त्याने विकले, १,४००. मधे एकदा भाव साडेतीन झाला तेव्हा हात थांबला होता, तेही सांगितलं. १०० ठेवलेत, पहिल्या ओळीतले. "ते असू द्या," म्हणाले. मी काही बोलले नाही. शंभर शेअर शून्य झाले तर काय जाईल हे आता त्या घरात दोघांनाही माहीत आहे.

जाग अजून येते. मोबाईल मात्र बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि तिथपर्यंत उठून जायचा कंटाळा येतो म्हणे. बुश माझ्या टेबलावरच राहिलंय. घ्यायला येतो म्हणाले होते.